झिजलेल्या नळीची कुळकथा

शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्याचा प्रश्न मिटला, हत्यारांचा उरला. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्याच हाती बंदूक द्यायची, तर कसली द्यायची? पोलिसांची ४१० मस्केट याच प्रश्नातून जन्मली.

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. गोळी त्यांत घट्ट बसते आणि गिरकी घेत सुटते, म्हणून लांबचा नेम साधतो. ३०३ ली-एनफील्डला अशा पाच खाचा, डाव्या पिळाच्या. बारामागून बार उडाले की तापलेला वायू काडतुसाच्या घरापुढचा भाग आधी खातो. गोळी सैल पडते, नेम ढळतो. दस्ता, बोल्ट, घोडा मात्र ठणठणीत असतात. एवढा ऐवज भंगारात कोण घालील?

उत्तराची वाट १८५७ नेच पाडून ठेवली होती. उठावानंतर हिंदी पलटणींसाठी इंग्रजांनी खास बंदूक काढली: बाहेरून एनफील्ड, आतून गुळगुळीत. गोऱ्या शिपायाचा पल्ला लांब, हिंदी शिपायाचा आखूड. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आली. जयगडपासून सावंतवाडीपर्यंत वानर आणि रानडुकरांनी बेजार झालेला बागायतदार शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी अजूनही अर्ज लिहितो, आणि त्याची ठासणीची बंदूकही बिनखाचांचीच.

पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने तीच युक्ती ३०३ वर चालवली. ७.७ मिलिमीटरची नळी कोरून सुमारे १०.४ मिलिमीटरची, म्हणजे ०.४१० इंचाची केली. झीज गेली, खाचाही गेल्या. बोल्ट मागे ओढून वरून पाहिलं, तर मॅगझिनच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा ठोकलेला दिसतो: एक काडतूस भरा, एक बार काढा, पुन्हा भरा. काडतूसही ३०३ च्याच घराण्यातलं, फक्त त्याचं तोंड आवळायचं राहू दिलेलं. ते पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही होई. लष्करी रायफलीत ते शिरत नाही, आणि मस्केटच्या रुंद नळीत ३०३ ची गोळी धरली जात नाही. बंदूक पळवली तरी पळवणाऱ्याच्या हाती फारसं काही लागू नये, असा बेत.

सगळ्याच थकलेल्या रायफलींना हे दुसरं आयुष्य मिळालं नाही. काहींच्या नळीला भोक पाडून त्या कायमच्या निकामी केल्या. एनसीसीच्या पोरांना कवायतीत खांद्यावर मिळते ती ही डीपी रायफल.

स्वातंत्र्यानंतर अविश्वासाचं कारण सरलं, तरी मस्केट पोलिसांकडे राहिली. कारण साधं होतं. गर्दीच्या रस्त्यावर रायफलची गोळी समोरच्याला भेदून पलीकडच्यालाही गाठते. परक्या राज्यकर्त्याने भीतीपोटी तोडलेला पल्ला बंदोबस्तावरच्या शिपायाला सोयीचा ठरला.