कमान आणि म्यान

मराठीत 'कमान' या शब्दाचे अर्थ तीन. धनुष्य ही कमान, वाड्याच्या दरवाज्यावरची वळणदार बांधणी ही कमान, आणि घड्याळाच्या पोटात बसून काटे चालवणारी पोलादी पट्टीही कमानच. वळणदार आकार, हा तिन्ही अर्थांना जोडणारा धागा. पिस्तुलाच्या ज्या भागावर बोट ठेवतात त्याला आपण 'चाप' म्हणतो. संस्कृतात चाप म्हणजेही धनुष्यच. खुद्द 'पिस्तूल' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वाटेने आला, आणि त्याच्या युरोपीय रूपाचे मूळ काही अभ्यासक नळी किंवा बासरी अशा अर्थाच्या एका चेक शब्दात शोधतात. धनुष्य निवृत्त झाले, तरी त्याची भाषा मागे राहिली ती अशी.

हे सारे आठवण्याचे कारण मध्य युरोपातले एक छोटे शस्त्र. त्याचे नाव पी-64. लांबी 160 मिलिमीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आत, आणि मॅगझिनमध्ये सहा काडतुसे. त्याचे दुसरे नाव 'चाक' हे त्याच्या आरेखकांपैकी चेपुकाइतिस, झिम्नी, आदामचिक आणि काच्मार्स्की यांच्या आद्याक्षरांतून घडले. 1960 च्या दशकाच्या मध्यात ते पोलंडच्या सैन्यात व पोलिसांत दाखल झाले. काडतूस मात्र सोव्हिएत मापाचेच, म्हणजे 9×18 मिलिमीटरचे. वॉर्सा करारातील देशाला काडतुसाबाबत फारसा पर्याय नव्हता. पण त्या काडतुसासाठी तयार असलेले मकारोव पिस्तूल जसेच्या तसे न स्वीकारता पोलंडने स्वतःचे घडवले. गोळी मॉस्कोच्या मापाची आणि हत्यार आपल्या हातचे, असा हा समझोता होता.

'आपल्या हातचे' या शब्दांना रादोम या गावात विशेष वजन होते, कारण पी-64 तिथेच तयार होई. महायुद्धापूर्वी याच गावातल्या कारखान्यात 'व्हिस' हे नामांकित पिस्तूल बनत असे आणि त्याच्या अंगावर पोलंडचा गरुड कोरलेला असे. 1939 नंतर कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. कामगार सुटे भाग चोरून भूमिगत सैन्याला पोहोचवीत. पूर्ण पिस्तूल त्यांच्या हाती लागू नये म्हणून जर्मनांनी नळ्या ऑस्ट्रियातील श्टायर येथे बनवायला सुरुवात केली. ऑक्टोबर 1942 मध्ये रादोम परिसरात पन्नास जणांना जाहीर फाशी देण्यात आली. त्यांत कारखान्याचे कामगारही होते. एखाद्या यंत्राचा सुटा भाग ही किती जोखमीची गोष्ट असू शकते, हे त्या गावाला कोणी सांगायला नको होते.

आता मूळ मुद्द्याकडे. 1991 मध्ये वॉर्सा करार संपला, 1999 मध्ये पोलंड नाटोत गेला, आणि जुन्या काडतुसाची सद्दी ओसरली. सैन्याला नकोशी झालेली ही पिस्तुले एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात पोहोचली. नव्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली असे, ती म्हणजे चाप फार जड आहे. घोडा आधी न चढवता थेट चाप ओढायचा, तर दहा-अकरा किलोंच्या घरातला जोर लागे. मग मुठीच्या आत असलेली घोड्याची कमान बदलून हलकी बसवण्याची रीत पडली.

पण यंत्रात एकटी अशी कोणतीच गोष्ट नसते. घोड्याची कमान हलकी केली की काडतुसाच्या बुडावरचा आघात दुबळा होतो, आणि कठीण बुडाची लष्करी काडतुसे प्रसंगी पेटतच नाहीत. शिवाय गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या स्लाइडला घोडाही काही अंशी अडवीत असतो. तो अडसर कमी झाला की नळीभोवतीची मोठी कमान अधिक ताठ घ्यावी लागते. म्हणून या दोन कमानी जोडीनेच बदललेल्या बऱ्या.

आणि यापुढची साखळी म्यानापर्यंत जाते. पोलिश सैन्याचे मूळ होल्स्टर जाड चामड्याचे होते. त्यावर पूर्ण झाकण, आणि जादा मॅगझिनसाठी शिवलेला वेगळा खण. त्यातून पिस्तूल झटकन निघत नाही, अशी आजच्या ग्राहकाची तक्रार. पण दिवसभर कमरेला वागवायचे, धुळीपावसापासून जपायचे आणि क्वचितच बाहेर काढायचे, अशा हत्यारासाठीच ते शिवलेले होते. जड चाप आणि झाकणाचे म्यान ही एकाच सावधगिरीची दोन अंगे होती. हलकी कमान बसवणारा मालक त्यातले एक अंग काढून टाकतो. ती उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते. चापाचा भाग पूर्णपणे झाकणारे आणि रिकामे असतानाही आकार न सोडणारे होल्स्टर निवडणे ही मग केवळ आवडीनिवडीची बाब उरत नाही. आकाराने जवळच्या वॉल्थर पीपीके पिस्तुलाचे होल्स्टर पुष्कळदा चालते, परंतु 'बसते' आणि 'सुरक्षित बसते' यांतला फरक ध्यानात ठेवायला हवा.

साहित्याच्या अभ्यासकांना यात आपला एक जुना प्रश्न ओळखू येईल. हाती आलेली संहिता वापरण्याजोगी करायची, की आली तशी जपायची? ज्याला ते पिस्तूल वापरायचे आहे त्याने थकलेल्या कमानी बदलाव्यात हे रास्तच. साठ वर्षांच्या जुन्या पोलादावर भिस्त ठेवण्यात इतिहासप्रेम नाही, निष्काळजीपणा आहे. मात्र काढलेली कमान फेकून दिली, मूळ म्यान विकून टाकले, की त्या काळाची सावधगिरी कशी होती याचा पुरावा नाहीसा होतो. मग कुणा अभ्यासकाच्या हाती ते हत्यार आले, तर पोलंडच्या सैनिकाचा चाप असाच हलका होता, असे तो खुशाल लिहून जाईल. दुरुस्त केलेला पाठ मूळ म्हणून वाचला जातो तो असा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना न स्वीकारलेले पाठ टाकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी छापले. जुन्या पिस्तुलाच्या मालकाकडूनही तेवढीच अपेक्षा करता येईल. काढलेल्या दोन्ही कमानी थोडे तेल लावून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात, पुडीवर तारीख घालावी, आणि ती पुडी त्या जुन्या चामडी म्यानात, जादा मॅगझिनच्या रिकाम्या खणात सरकवून द्यावी.