तळटीप ७ : मुदतखरेदी

७. मुदतखरेदी : ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, या अटीवर करून दिलेले खरेदीखत. व्यवहार कर्जाचा, कागद विक्रीचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच असा व्यवहार गहाण ठरू शकतो. ती वेगळ्या स्टँपपेपरवर लिहिली असेल, तर कायद्याच्या लेखी ती विक्रीच. मुदत टळली की जमीन गेली. गहाण ठरल्यास मात्र मुदत उलटूनही जमीन सोडवून घेण्याचा हक्क राहतो. सावकाराने तो कोर्टातून संपुष्टात आणला नसेल, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार ३० वर्षांपर्यंत दावा लावता येतो. किंमत बाजारभावाहून फारच कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, याही गोष्टी न्यायालय पाहते. फेरफार होऊन सातबाऱ्यावर सावकाराचे नाव लागले, एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

छत्रपती संभाजीनगरभोवती वाळूज, शेंद्रा, बिडकीन येथे औद्योगिक वसाहती आल्या. अशा पट्ट्यात जुन्या कर्जाच्या रकमेपुढे जमिनीचे मोल कैक पटींनी मोठे ठरते. अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीनंतर खरेदीखत अवैध ठरवण्याचा अधिकार त्याला आहे.