दाद मागण्याची वाट : केलगेरी आणि धारवाड प्रांतातील फिर्यादींचा इतिहास

धारवाडच्या पश्चिमेस तलावाकाठी वसलेले केलगेरी आज धारवाड शहराच्या हद्दीत मोडत असले, तरी गेल्या अडीचशे वर्षांत या परिसराने हैदर-टिपू, पेशवे, कंपनी सरकार, मुंबई इलाखा आणि कर्नाटक राज्य अशा अनेक सत्तांचा अंमल पाहिला आहे. यांपैकी प्रत्येक सत्तेपुढे महसूल आणि बंदोबस्ताइतकाच एक जुना प्रश्न उभा होता : सरकारी माणसाने रयतेला नाडले, तर त्याच्याविरुद्धची फिर्याद त्याच्याच कचेरीतील वरिष्ठाने ऐकावी, की कचेरीबाहेरच्या कोणी? या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली आणि धारवाड प्रांतातील कारभाराचा इतिहास त्या बदलांतून चांगला उलगडतो.

१७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या मदतीने टिपूकडून धारवाडचा किल्ला घेतल्यानंतर येथे मराठी अंमलाची घडी बसली. या व्यवस्थेत मामलतदार हा सुभ्याचा किंवा परगण्याचा मुख्य कारभारी असला, तरी त्याच्या कचेरीत फडणीस, मजुमदार, चिटणीस, पोतनीस असे वंशपरंपरागत हक्काचे अधिकारी, म्हणजे दरखदार, नेमलेले असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता आणि त्यांच्या संमतीच्या निशाणीवाचून हिशेब पुरा होत नसे. त्यामुळे हुजुरात, म्हणजे पुण्यास पेशव्यांच्या कचेरीत, मामलतदाराच्या गैरवर्तनाची बातमी पोहोचविणारी माणसे त्याच्या शेजारीच बसलेली असत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची, म्हणजे जास्तीत जास्त रकमेची बोली करणाऱ्याकडे वसुली सोपविण्याची, रीत बोकाळली, तेव्हा हा अंकुश ढिला पडला. ज्याने हुजुराला आगाऊ रक्कम कबूल केली, त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकणे हुजुरालाच परवडेनासे झाले आणि फिर्यादीची वाट असूनही ती कोठेच पोहोचेना.

१८१७ च्या पुणे तहाने धारवाड व कुसुगल ही ठाणी कंपनीकडे गेली. थॉमस मन्रो याने प्रांताचा ताबा घेतला आणि त्याच्यामागून विल्यम चॅप्लिन व सेंट जॉन थॅकरे यांनी कलेक्टर म्हणून कारभार पाहिला. नव्या व्यवस्थेत दरखदारांचा अडसर दूर झाला. मामलतदार हा पगारी नोकर बनला आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्याचे काम कलेक्टरकडे आले. जमाबंदीच्या दौऱ्यावर कलेक्टरचा तळ पडला की रयतेने तेथे जाऊन अर्ज द्यावा, अशी प्रथा रूढ झाली. मात्र कचेरीचे दप्तर बहुतांशी मराठीत, मोडी लिपीत असल्यामुळे कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपले गाऱ्हाणे स्वतः वाचता येत नसे. ते लिहिण्यासाठी त्याला कुलकर्ण्याकडे किंवा अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाकडे जावे लागे आणि पुष्कळदा तक्रारीचा रोखही त्याच वर्गाकडे असे. १८३० च्या दशकात कंपनीचा अधिकारी वॉल्टर एलियट याच्या पुढाकाराने कन्नड शाळा निघाल्या आणि पुढे कारभारातही कन्नडला स्थान मिळत गेले, त्यामागे शिक्षणाबरोबरच ही व्यावहारिक निकडही होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या अधिकाऱ्याविरुद्ध वरच्याकडे दाद मागण्याची ही शिडी कायद्याने पक्की झाली. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने महसुली बाबींतील अनेक दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि जेथे दावा करता येई, तेथेही महसूल खात्यातील सर्व अपिले संपविल्याचे दाखविल्याशिवाय न्यायालयाचे दार उघडू नये, अशी तरतूद केली. १८७९ च्या जमीन महसूल संहितेने अपील थेट वरच्या अधिकाऱ्याकडे न्यावे असे ठरवून त्यासाठी मुदती घातल्या : कलेक्टरहून खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमाविरुद्ध ६० दिवस आणि इतर हुकुमांविरुद्ध ९० दिवस. वाट आता रेखीव होती, तिचे टप्पेही ठरलेले होते. पण ती आरंभापासून अंतापर्यंत एकाच खात्याच्या आवारातून जात होती.

या रचनेचा कच्चा दुवा १८८८ मध्ये पुण्यात उघडा पडला. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर बढत्या-बदल्यांसाठी मामलतदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी आयोग नेमून साक्ष देणाऱ्या मामलतदारांना अभय दिले. आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही, तरी हाताखालच्या प्रदेशातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले. पैसे दिल्याचे कबूल करणाऱ्या काही मामलतदारांवर मात्र अभयाचे वचन असूनही पदच्युतीची वेळ आली आणि टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. धारवाड जिल्हा क्रॉफर्डच्या विभागात नसून दक्षिण विभागात होता, पण शिडी तीच होती. शिडीच्या वरच्या पायरीवरच दोष असेल, तर खालच्याने दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर त्या रचनेत नव्हते. कचेरीबाहेरून दाद मागण्याचा एक प्रयोग पुण्यात त्यापूर्वीच झाला होता. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या प्रत्येक सभासदाने किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता, म्हणजे एकट्याची फिर्याद समूहाच्या अधिकाराने बोलू लागली.

१९५६ मध्ये धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि १९६२ मध्ये हुबळी व धारवाड यांची एकत्र महानगरपालिका झाली. १९६६ मध्ये नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल व लोकायुक्त या पदांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून लोकायुक्ताची प्रत्यक्ष नेमणूक करण्यात पुढाकार घेतला, तर कर्नाटकाने १९८४ मध्ये आपला कायदा केला. खात्याच्या शिडीबाहेर उभा असलेला, तरीही सरकारी अधिकार असलेला श्रोता केलगेरीच्या रहिवाशाला प्रथमच मिळाला. पण हे बाहेरपण टिकविणे सोपे नव्हते. २०१६ मध्ये राज्य सरकारने वेगळे भ्रष्टाचारविरोधी दल स्थापून लोकायुक्तांच्या पोलीस विभागाचे काम त्याकडे दिले; ते दल सरकारच्याच हाताखाली असल्याने मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते दल रद्द केले.

याउलट २०११ च्या कर्नाटक नागरिक सेवा हमी कायद्याने, म्हणजे 'सकाल' योजनेने, दाखले व परवाने यांसारख्या सेवांना मुदत घालून दिली आणि विलंब झाल्यास दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये, इतकी भरपाई संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची सोय केली. तेथील अपील मात्र पुन्हा त्याच खात्यातील वरिष्ठाकडे जाते. या दोन मार्गांचे काम वेगळे आहे. कामाला उशीर झाला, तर ते झपाट्याने पुरे करून घेण्यास घरचा वरिष्ठ पुरेसा ठरतो, कारण फाईल त्याच्याच टेबलावर असते. कर्मचाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न आला, तर मात्र घराबाहेरचा श्रोता लागतो. दरखदारांपासून लोकायुक्तांपर्यंतच्या प्रवासात जेव्हा जेव्हा या दोहोंची गल्लत झाली, तेव्हा कायदा पुस्तकात राहिला आणि फिर्यादी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला.