कर्जरोखे, कायदे आणि माणूस

दख्खनचा कुणबी कर्जबाजारी का झाला, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर गेली दीडशे वर्षे दिले जात आहे. तो लग्नकार्यात उधळतो, सणावारी ऋण काढतो, उद्याची चिंता करीत नाही, असे ते उत्तर. सावकाराविषयीचे उत्तरही तितकेच सोपे : तो लोभी आहे. उधळपट्टी आणि लोभ या दोहोंविषयी आम्हां धर्मगुरूंना प्रवचनात पुष्कळ बोलावे लागते, व ते बोललेही पाहिजे. तथापि इतिहासाची पाने चाळली असता असे दिसते की, माणसाचा स्वभाव तोच राहिला आणि केवळ नियम बदलले, तरी त्याचा व्यवहार पालटतो.

इंग्रजी अंमलापूर्वी सावकार नव्हता असे नाही. परंतु व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक होऊ नये, असा ‘दामदुपटी’चा दंडक समाजमान्य होता. वसुलीसाठी सावकाराला गावाच्या आणि पंचांच्या अनुमतीवर बरेचसे विसंबावे लागे. वतनी जमीन सहजासहजी त्याच्या घशात जात नसे. कुणबी जगला तरच आपले पैसे परत येतील, हे तो जाणून होता. त्याला आपण साधू म्हणणार नाही. पण त्याच्या लोभाला कुंपण होते.

हे कुंपण कोणी दुष्टाव्याने मोडले नाही. रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदाराचा सरकारशी थेट संबंध आला. १८३० च्या दशकात विंगेट व गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात नवी पाहणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. खातेदाराला निश्चिंती मिळावी, हा हेतू होता. पण आता जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. आणि सारा रोख पैशांत, ठरल्या हप्त्याला भरणे आले. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठली. दिवाणी न्यायालये रोख्यावरील अंगठा पाहून निकाल देऊ लागली. अक्षरशत्रू कुणबी पुष्कळदा न्यायालयात हजरच होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. सावकाराला आता माणसाची पत पाहण्याचे कारण उरले नाही. कागद पुरेसा होता, आणि कागदामागे जमीन होती.

याहून बोलके उदाहरण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचे आहे. नोंदणी न केलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा, असे त्याने ठरविले. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, ही त्यामागील सदिच्छा. घडले ते उलटेच. मुदत संपत आली की सावकार कुणब्याकडून नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चालू करी. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला नियमच त्याच्या गळ्यातील फास ठरला.

पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि हात आखडला. त्यातच तीस वर्षांची मुदत संपल्याने १८६७ पासून सारा वाढू लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे भडका उडाला व तो त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कशावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले. आपले बंधन कोठे आहे, हे अडाणी म्हणविलेल्या त्या माणसांना अचूक कळले होते. सरकारी चौकशी आयोगानेही लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे नमूद केले.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायाधीशांनी रोख्यामागे जाऊन देवघेवीचा मूळ हिशेब तपासावा, ऋणकोला कर्जापायी कैद होऊ नये, अशा तरतुदी आल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. कित्येकांना दिलासा मिळाला. परंतु सावकाराने वाट शोधलीच : गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. १९०७ साली त्यासाठी कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला.

सावकाराला केवळ बांधून भागत नाही. कर्जाची दुसरी सोय उभी करावी लागते. ही जाणीव जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन या ग्रामप्रमुखाला पूर्वीच झाली होती. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने दानधर्मातून धान्य वाटले. पण दान आटते, हे त्याने अनुभविले. १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने पतपेढी स्थापिली. तिचे नियम साधे होते : क्षेत्र लहान, सभासद परस्परांना ओळखणारे, जबाबदारी अमर्यादित, पदाधिकारी बहुधा विनावेतन, नफा वाटून न घेता राखीव निधीत. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर आपले घर बुडेल, हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या शेताकडे लक्ष ठेवी. बँकेला जे कधी कळले नसते, ते गावाला आपोआप कळे.

याच तत्त्वांवर हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला आणि १९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कणगिनहाळ येथे संस्था उभी राहिली. इटलीत १८९० नंतरच्या दशकात धर्मगुरूंनी गावोगाव अशा पेढ्या काढल्या होत्या. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात अधाशी सावकारीचा निषेध केलाच होता. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथलिक पतसंस्थेचा पाया घातला, तिची आज बँक झाली आहे.

मात्र ‘सहकार’ ही पाटी लावल्याने माणसे सुधारतात, असे मानणे म्हणजे पुन्हा सोपे उत्तर स्वीकारणे होय. २०१९ साली मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेला निर्बंध घालावे लागले आणि हजारो ठेवीदारांची पुंजी अडकली. संस्था मोठी झाली की सभासद एकमेकांना ओळखत नाहीत. शेजाऱ्याचा पहारा संपतो, आणि त्याच्या जागी दुसरा पहारा वेळीच उभा राहिला नाही, तर नियम कागदावर उरतात. २०२० मध्ये सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले, ते याच कारणाने.

मोहाच्या प्रसंगापासून माणसाला दूर ठेवावे, ही शिकवण आपण व्यक्तीसाठी सांगतो. चांगला नियम तेच कार्य समाजासाठी करतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना घरी येते, तेव्हा ती न वाचता बाजूला ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. सुप्याच्या कुणब्याला रोखा वाचता येत नव्हता. आपल्याला अहवाल वाचता येतो.