पत्राची वाट कोणीं ठरवावी?



“जालना, सोने का पालना” ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. व्यापारी गांवाचें वैभव तिजोरींत जितकें असतें तितकेंच टपालांतहि असतें. भाव, मागणी, हुंडी, मालाची रवानगी हें सारें पत्रावर चालतें. पत्र वेळेवर पोंचलें नाहीं तर हातचा सौदा जातो. म्हणून पत्राची वाट कोण ठरवितो, आणि ती कोणास ठाऊक असावी लागते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचाच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

१९४८ सालापर्यंत जालना निजामाच्या अमलाखालीं होतें. निजाम सरकारनें १८६९ सालीं स्वतःचीं टपालाचीं तिकिटें काढलीं. पण तीं राज्याच्या हद्दीपुरतींच चालत. हद्दीबाहेर जाणाऱ्या पत्रास इंग्रजी टपालाचें तिकीट लागे. एकाच पेठेंतून अंबडास जाणारें पत्र आणि मुंबईस जाणारें पत्र यांच्या वाटा अशा रीतीनें तिकिटापासूनच निराळ्या होत. पत्र कोठें जावयाचें एवढें ठाऊक असून भागत नसे. तें कोणाच्या हातीं द्यावयाचें हेंहि लिहिणारासच ठरवावें लागे. १९५० सालीं हैदराबादचें टपाल भारतीय टपालांत विलीन झालें तेव्हां हा दुहेरीपणा संपला.

तरीहि एक अडचण उरलीच. एका नांवाचीं गांवें अनेक, लिपी निरनिराळ्या, आणि हस्ताक्षर ज्याचें त्याचें. वाटेचें ज्ञान टपाल निवडणाऱ्या कारकुनाच्या स्मरणांत सांठविलेलें असे. तें ज्ञान अंकांत उतरविण्याचें श्रेय केंद्रीय दळणवळण मंत्रालयांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांस आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं त्यांची सहा अंकी पिन पद्धति सुरू झाली. जालन्याचा अंक ४३१२०३. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक पत्र वांटणारी कचेरी. आतां दूरच्या कारकुनास जालना कोणत्या दिशेस आहे हें ठाऊक नसलें तरी चालतें.

संगणकाच्या टपालासहि हा फेरा चुकला नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठविला, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’ हें चिन्ह घातलें. परंतु पुढें युनिक्स संगणकांच्या एका जाळ्यांत, वाटेवरील प्रत्येक यंत्राचें नांव क्रमानें पत्त्यांत लिहावें लागे. मधलें एक यंत्र बंद पडलें कीं पत्र अडलें! १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डोमेन नांवांची पद्धति मांडली, आणि जानेवारी १९८६ मध्यें क्रेग पार्ट्रिज यांनीं त्या नांवावरून टपालाची वाट शोधण्याचा नियम लिहून काढला.

हा नियम मोठा मार्मिक आहे. वाट पाठविणारानें ठरवावयाची नाहीं. जो पत्र घेणार त्यानेंच ती जाहीर करावयाची. जालन्याच्या बियाण्यांच्या किंवा लोखंडी सळयांच्या व्यापाऱ्यानें आपल्या पेढीचें डोमेन घेतलें, म्हणजे त्याच्या नोंदवहींत ‘एम्‌एक्स’ नांवाची नोंद करावयाची असते. आमचें टपाल अमुक मेल सर्व्हरवर द्यावें, असें ती नोंद जगास सांगते. सर्व्हर दोन असल्यास प्रत्येकापुढें क्रम दर्शविणारा अंक घालतात. लहान अंकाचा सर्व्हर आधीं गांठावयाचा, तो उत्तर देईना तर दुसरा. दोन्ही बंद असले तर पाठविणाराचा सर्व्हर पत्र जवळ ठेवून पुनःपुनः प्रयत्न करितो. हा क्रम साधारणतः चार-पांच दिवस चालतो, आणि मग न पोंचल्याची सूचना पाठविणारास परत जाते. उद्यां पेढीनें सर्व्हर बदलला तर गिऱ्हाइकांस नवा पत्ता कळविण्याचें कारण नाहीं. नोंद बदलली कीं वाट बदलली.

सोय मोठी, पण जबाबदारीहि तितकीच मोठी. ही नोंदवही ज्याच्या ताब्यांत, पेढीचें टपाल त्याच्या ताब्यांत. डोमेन एकाद्या बाहेरच्या कारागिराच्या नांवानें घेतलेलें असेल, किंवा त्याची मुदत वाढविण्याचें राहून जाईल, तर सर्व्हर उत्तम चालत असूनहि पत्रें येईनाशीं होतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या कोणीं तें नांव घेतलें तर तीं पत्रें त्याच्या दारीं जातात. म्हणून डोमेन पेढीच्या स्वतःच्या नांवानें असावें, त्याची किल्ली निदान दोन विश्वासू माणसांपाशीं असावी, आणि मुदतीची तारीख खातेवहींत टिपून ठेवावी.

पूर्वी वाट तिकिटानें ठरे, मग कारकुनाच्या स्मरणानें, मग अंकानें. आज ती निवडण्याचा अधिकार प्रथमच पत्र घेणाराच्या हातीं आला आहे. आपल्या पेढीचा दरवाजा कोणता हें आपणच सांगावयाचें असतां, तें सांगण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवून निश्चिंत राहणें कोणत्याहि शहाण्या व्यापाऱ्यास शोभणार नाहीं.