प्रेक्षकांचा निवाडा

चित्रपट पाहून परतलेल्या माणसाला वेशीवरच गाठून "पिच्चर कसा हाय?" असे विचारण्याची जी चाल हिंगोलीच्या मुलखात रूढ झाली, ती सरकारी दप्तरात नोंदली जाण्याजोगी बाब नसली, तरी या प्रांताच्या लोकजीवनाचा मागोवा घेणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करणे उचित नव्हे, कारण ज्या रयतेचा अभिप्राय पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारला नव्हता, तिला आपला निवाडा चारचौघांत निर्भयपणे सांगण्याचा अभ्यास या प्रश्नाने घडविला.

या अभ्यासाची मुळे चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहेत. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि कीर्तन आटोपल्यावर बुवांच्या निरूपणाचा कस जोखीत घर गाठावे, ही श्रोत्यांची जुनी रीत. खुद्द हिंगोलीत खाकीबाबा मठाच्या आश्रयाने सुरू झालेल्या, आणि दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दसरा महोत्सवातील रामलीलेने तर प्रेक्षकाला अधिकच चोखंदळ केले. रावण मरणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो कथेच्या कुतूहलाने मैदानावर येत नाही. यंदाच्या रावणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की नाही, आणि सीतेचा शोक अंतःकरणाला भिडला की नाही, हे पारखण्यास तो येतो.

पूर्णा-हिंगोली लोहमार्ग १९१२ साली सुरू झाला, आणि दुसऱ्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. परंतु चित्रपटावर मोकळेपणी मत मांडणे सोपे नव्हते, कारण हिंगोली निजामाच्या अमलाखाली होती, आणि त्या अमलात कलाकृतीवरचा अखेरचा शब्द दरबाराचा असे. हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी चालविणारे धीरेन गांगुली यांनी 'रझिया बेगम' हा १९२४ चा चित्रपट दाखविला, तेव्हा त्यातील मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमकथेमुळे निजामाची खप्पामर्जी होऊन त्यांना संस्थान सोडावे लागले. रंगाचारियर समिती १९२७-२८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात चित्रपटांविषयी शेकडो साक्षी नोंदवीत होती. निजामी मुलखात मात्र 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाने साधी सभा भरविण्यासही पूर्वपरवानगीची अट घातली. सभेत जे बोलता येत नव्हते, ते कथेच्या निमित्ताने पारावर बोलता येत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या गप्पांचे मोल कळते.

चित्रपटाविषयी बोलता बोलता माणूस स्वतःच्या घराविषयी बोलू लागतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा 'कुंकू'. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला, आणि वृद्ध वराशी लग्न लावून दिलेल्या नीरेचा निश्चयी प्रतिकार त्यात मांडला. नीरेचे चुकले असे म्हणणाऱ्याला, तुझ्या लेकीचे असे झाले असते तर, हा प्रश्न चुकविता येत नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि पुढल्या दशकांत मराठवाड्याच्या जत्रांतून तंबूच्या टुरिंग टॉकीज गर्दी खेचू लागल्या. दिवसा भोंग्यावरून पुकारा व्हावा, अंधार पडताच कनातीच्या आत जमिनीवर पटकुरे अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसावीत, आणि एकाच यंत्रावर रीळ बदलताना जो खोळंबा होई, त्या अंधाऱ्या घटकेतच मतांची पहिली देवाणघेवाण व्हावी, असा तो सोहळा असे. परतीच्या बैलगाडीत तंट्याला रंग चढे; आणि ज्या बायकांना घरून परवानगी मिळाली नव्हती, त्या दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना सगळी कथा गाण्यांसकट ऐकून घेत. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्याच्या नावातली दोन्ही क्रियापदे या शिवारांतही नित्य चालू होती.

या अभिप्रायाला एक जबाबदारी चिकटलेली असे. तिकिटाचे पैसे मजुरीतून काढावयाचे, म्हणून "पैसा वसूल" असा शेरा देणारा आपल्या शेजाऱ्याच्या कष्टाच्या कमाईला जणू जामीन राही; आणि निवाडा खोटा ठरला, तर पुढल्या बाजारी त्याला तोंड चुकवावे लागे.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीला रविवारी सकाळी मैदानाचे रूप आले, आणि रामलीला पाहून मुरलेल्या वडीलधाऱ्यांनी पडद्यावरच्या रावणालाही जुन्याच कसोट्या लावल्या. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने जातीचा प्रश्न पुन्हा पारावर आणला. अखेरच्या प्रसंगातले निःशब्द मूल पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना गाणी छान आहेत, एवढेच म्हणून सुटता येत नव्हते.

आज अभिप्राय क्षणात भ्रमणध्वनीवरून सर्वदूर जातो, आणि ज्यांना कधी बोलू दिले नव्हते तेही मत नोंदवितात, ही गोष्ट मला मनापासून आनंदाची वाटते. तरीही वेशीवरचा तो जुना प्रश्न मावळू नये, अशी माझी तळमळ आहे. कारण तो विचारणारा माणूस समोर उभा असे, त्याची मजुरी उत्तर देणाऱ्याला ठाऊक असे, आणि म्हणूनच ते उत्तर खरे निघावे लागे.