संतापाचा रोख

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, वसईजवळच्या अर्नाळ्यातही. पाकिस्तानातून आलेल्या दहा हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवली, तांडेलाला ठार केले आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात ते उतरले. जीव गेला तो मच्छीमाराचा, आणि ओळख पटवून द्यायची तीही त्यानेच!

पण लोकांचे परराष्ट्र धोरणाविषयीचे मत ओळखपत्रात सापडत नाही. ते इतर कागदांतून जुळवावे लागते, आणि तिथे पहिलाच धक्का बसतो. हल्ल्याची पहिली किंमत मोजली घरच्याच कारभाऱ्यांनी. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मग मुख्यमंत्री विलासराव देशमुख, आठवडाभरात तिघांचे राजीनामे आले. सरकारने सैन्य हलवले नाही. ५ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या हाती पुराव्यांची फाइल ठेवली. या संयमाला लोकांनी शिक्षा दिली का? एप्रिलअखेर मुंबईत लोकसभेचे मतदान झाले. तिथल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला गेल्या. मनसेने शिवसेना-भाजप युतीची मते खाल्ली हे खरे, पण जेमतेम ४१ टक्के मतदान पाहता संतापाची लाट होती असे म्हणवत नाही. अर्नाळा ज्या पालघर मतदारसंघात येतो, तिथून बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. वसई-विरारच्या या पक्षाला इस्लामाबादशी काय देणेघेणे?

म्हणून लोक विसरले, असे सरकार धरून चालले असावे. १६ जुलैला शर्म अल-शेखच्या भारत-पाकिस्तान संयुक्त निवेदनात दहशतवादावरील कारवाई आणि संवाद यांची सांगड घालू नये, असे एक वाक्य आले आणि देशभर काहूर उठले. १३ दिवसांत पंतप्रधान मनमोहन सिंग यांना लोकसभेत खुलासा करावा लागला. मतपेटीत न दिसलेला राग त्या एका वाक्यावर तुटून पडला. माझ्या मते मते मोजून जनमत कळते या समजुतीला इथेच तडा जातो.

अमेरिकेबाबतचे मत तर दुभंगलेलेच राहिले. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याच्या खटल्यात एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी साक्ष दिली. त्याच अमेरिकेने मार्च २०१० मध्ये हल्ल्याच्या ठिकाणांची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीशी कबुलीचा सौदा करून त्याला भारताच्या हवाली न करण्याची हमी दिली. २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला तो दिसला, पण पडद्यावर. त्याचा साथीदार तहव्वूर राणा भारतात आला एप्रिल २०२५ मध्ये.